फोरमनला विचारा : तोलायची ती रिकामी चूट, कोळसा नाही

प्रश्न : फोरमन काका, वणी तालुक्यात आमचा कोळशाचा लहान डेपो आहे. हॉपरच्या, म्हणजे कोळशाच्या उंच कोठीच्या, तोंडाला पिनेवर वर-खाली होणारी चूट (कोळसा घसरत यायची पन्हळ) लावली आहे, तिच्यातून ट्रक भरतो. चूट चार मीटर लांब. धर्मकाट्यावर चढवली तर 600 किलो भरली. पिनेपासून 3.6 मीटरवर वायर रोप बांधला आहे. पिनेच्या बरोब्बर वर तीन मीटरवर कप्पी आहे, तिच्यावरून रोप मागे जातो आणि मागे काँक्रीट भरलेला 200 लिटरचा ड्रम लोंबतो. चूट वर उचललेली असली की खाली यायचं नावच घेत नाही, चार पोट्टे लटकतात. आडवी होऊन थोडी खाली गेली की हातातून सुटते अन् ट्रकच्या फाळक्यावर धाडकन आदळते. वेल्डर म्हणतो वजन वाढवा, ड्रायव्हर म्हणतो कमी करा. काहून होते असं?
– एक वाचक, वणी तालुका

उत्तर : भाऊ, तू मापं पाठवलीस म्हणून उत्तर देता येतं. बाकीचे लोक नुसतं ‘चूट जड आहे’ एवढंच लिहितात. वेल्डरही अर्धा बरोबर आणि ड्रायव्हरही अर्धा बरोबर, कारण एक जण चूट खाली असतानाचं बोलतो आणि दुसरा वर असतानाचं.

आधी चुटीचा भार नेमका कुठं पडतो ते काढ. चूट उतरवून एका जाड पाइपावर आडवी टाक आणि मागंपुढं सरकव. जिथं तोलून राहील तिथं खडूची रेघ मार. ही रेघ पिनेपासून 1.8 मीटरवर येते असं धरतो. तुझी वेगळी आली तर आकडा बदल, रीत तीच.

आता हिशोब. 600 गुणिले 1.8 म्हणजे 1080. रोप बांधल्याचं अंतर 3.6, कप्पीची उंची 3, त्यांचा गुणाकार 10.8. भागाकार आला 100. याचा अर्थ असा की कप्पीपासून चुटीवरच्या गाठीपर्यंत जितके मीटर रोप आहे, त्याच्या शंभरपट किलो ओढ चुटीला तोलून धरायला लागते. कप्पी पिनेच्या थेट वर असेल तेव्हा हा नियम प्रत्येक कोनात तंतोतंत लागतो. कप्पी पुढं-मागं सरकलेली असेल तर नाही.

तुझी चूट 45 अंश वर असताना ते रोप 2.59 मीटर भरतं, म्हणजे 259 किलो पुरतात. आडवी असताना 4.69 मीटर, म्हणजे 469 किलो. चाळीस अंश खाली झुकली की 5.99 मीटर, म्हणजे 599 किलो. आणि तुझा ड्रम? दोनशे लिटर काँक्रीट 480 किलो, वर पत्र्याचं वजन, एकूण 500 धर. वरच्या टोकाला तो जवळपास 240 किलोंनी जास्त आहे, म्हणून पोट्टे लटकतात. खालच्या टोकाला तो शंभर किलोंनी कमी पडतो, म्हणून फाळका वाकतो. तोल जमतो तो फक्त आडव्याच्या आठ अंश खाली, आणि तिथंही ती थांबत नाही. जरा खाली गेली की आणखी खाली पळते, जरा वर गेली की आणखी वर. एकाच वजनाने हे कधीच जमणार नाही, ड्रमात आणखी दहा घमेली घाल की दहा काढ.

मग वजन चुटीबरोबर बदललं पाहिजे. चूट खाली गेली की मागचं वजन वर चढतं, बरोबर तितकेच मीटर. त्या वजनाच्या बुडाला जड साखळी बांधली आणि तिचा बाकीचा भाग जमिनीवर पडू दिला, तर वजन जसजसं वर जाईल तसतशी साखळी जमिनीवरून उचलली जाईल आणि भार वाढत जाईल. तुझ्या चुटीला मीटरमागे शंभर किलो लागतात, तर साखळीही मीटरमागे शंभर किलोंची हवी. हिशोब काठोकाठ बसतो. ही युक्ती माझी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाँसले नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनियरने किल्ल्यांच्या उचलत्या पुलांना अशाच जड साखळ्या लावल्या होत्या. उचलता पूल आणि तुझी चूट यांचं गणित एकच.

मीटरला शंभर किलोंची साखळी जहाजाच्या नांगराला असते, वणीच्या बाजारात मिळायची नाही. तू रुळाचे तुकडे घे. 52 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 52 किलो. 65 सेंटिमीटरचा तुकडा 34 किलोंचा होतो. ड्रमचा एकूण प्रवास 3.4 मीटर आहे, त्यासाठी असे दहा तुकडे साध्या साखळीने एकाखाली एक ओव. दर 34 सेंटिमीटरला एक तुकडा उचलला गेला पाहिजे. पण खाली बसताना ते एकावर एक रचले जाणार असतील, तर एका तुकड्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर 34 नव्हे, 50 सेंटिमीटर ठेव, कारण रुळाची स्वतःची 16 सेंटिमीटर उंची त्यात खर्च होते. इथं लोक हमखास फसतात आणि मग गणिताला शिव्या देतात. दोन्ही बाजूंना अँगल उभे करून तुकड्यांना वाट दे, नाहीतर वाऱ्याने फिरून गुंता होईल. आणि रूळ भंगारवाल्याकडून पावतीवर घे. रेल्वेचा माल विनापावती सापडला तर 1966 चा कायदा आहे, तिथं तुझं गणित कुणी ऐकणार नाही.

ड्रम मात्र कापावा लागेल. वरच्या टोकाला लागतात 259; मी 275 ठेवीन. पंधरा-सोळा किलो जास्त ठेवले की रिकामी चूट आपोआप वर राहते आणि एक माणूस दोरीने तिला खाली ओढून हुकात अडकवतो. उलटही करता येतं, चूट किंचित जड ठेवायची आणि ब्रेकने सोडायची. पण ट्रकच्या जागी मला ते पटत नाही. ड्रायव्हर लोक हॉर्न न वाजवता गाडी काढतात, तेव्हा चूट वर पळणारी असलेली बरी. 275 किलोंसाठी 110 लिटर काँक्रीट बस, म्हणजे ड्रम निम्म्याच्या किंचित वर काप.

आता ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडला ती गोष्ट. काउंटरवेटने, म्हणजे मागे लोंबणाऱ्या वजनाने, चूट तोलायची, कोळसा नाही. तुझी चूट 80 सेंटिमीटर रुंद असेल आणि तिच्यात एक वीत-दीड वीत थर वाहत असेल, तर कुठल्याही क्षणी पाच-सातशे किलो कोळसा तिच्यावर असतो, चुटीच्या स्वतःच्या वजनाइतका. तो तोलायला जाशील तर गेट बंद झालं की रिकामी चूट गुलेलीसारखी वर जाईल. म्हणून खालच्या टोकाला दोन बाजूंनी दोन मोकळ्या साखळ्या, वरच्या चौकटीला पक्क्या बांधलेल्या. चूट खाली आली की त्या ताणल्या जातात आणि कोळशाचा सगळा भार त्या घेतात. रोपवर आणि कप्पीवर त्यातला एक किलोही जाता कामा नये.

कप्पीच्या बीमचंही बघ. रोपमध्ये 600 किलो ताण म्हणजे बीमवर 600 नाही, दोन्ही बाजूंनी ओढ असल्याने जवळपास दुप्पट, आणि झटका वेगळा. रोपच्या टोकाला बुलडॉग क्लिपा लावताना यू-बोल्ट मेल्या टोकावर, म्हणजे वळवून आणलेल्या मोकळ्या टोकावर, आणि क्लिपेचं खोगीर भार घेणाऱ्या चालत्या रोपवर येऊ दे. निम्म्या डेपोंवर उलट्या लावलेल्या दिसतात.

कुणी विचारेल, रोप-कप्पीची भानगड कशाला, रेल्वे फाटकासारखं मागच्या बाजूलाच वजन का लावू नये? लावता येतं, आणि जागा असेल तर तेच उत्तम. पिनेच्या मागे 1.2 मीटरचा हात काढला तर 900 किलो लागतील. चुटीचा भारबिंदू, पिन आणि मागचं वजन हे तिन्ही एका सरळ रेषेत असले, तर चूट कुठल्याही कोनात सोडा, तिथंच राहते. रेषा मोडली की तोल मोडला. तुझ्याकडे पिनेच्या मागे हॉपरची भिंत आहे, म्हणून हा मार्ग बंद.

प्रश्न : माझे यजमान कोळशाच्या सायडिंगवर ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. पावसाळ्यात चुटीत चिकटलेला कोळसा सब्बलीने पाडायला त्यांनाच पाठवतात. वर मोठं वजन लोंबत असतं म्हणतात. मला यातलं काही कळत नाही, पण त्यांना काय सांगू?
– एक भगिनी, राजुरा तालुका

उत्तर : ताई, तुम्हाला कळतं ते पुरेसं आहे. वजन लोंबत असतं, हीच खरी गोष्ट.

आपल्याकडचा कोळसा जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीत कालवल्यासारखा होतो. उन्हाळ्यात ज्या उताराने तो पाण्यासारखा वाहतो, त्याच उतारावर पावसाळ्यात लेप बसतो. लेप बसला की चूट जड होते, काउंटरवेट कमी पडतो, आणि विंचवाला (रोप गुंडाळून चूट उचलणारं यंत्र चालवणारा) मुकादमाला शिव्या देत आणखी जोर लावतो. मग कुणीतरी सब्बल घेऊन चढतं. लेप एकदम सुटला की चूट क्षणात दोनशे किलोंनी हलकी होते आणि मागचं वजन तिला वर खेचतं. माणूस चुटीच्या पुढच्या अंगाला उभा असला तर ती त्याच्या छातीवर येते. वजनाखाली उभा असला तर वजन डोक्यावर. म्हणून चढण्याआधी चूट पिन घालून किंवा चेनपुलीने बांधून कुलूपबंद झाली पाहिजे, काउंटरवेट जमिनीवर टेकवलेला किंवा ठोकळ्यावर बसवलेला पाहिजे, आणि विंचच्या स्विचची चावी यजमानांच्या स्वतःच्या खिशात. मुकादमाच्या खिशात नाही. वजनाच्या खाली जाळीचं कुंपण नसेल तर तिथून येणं-जाणंसुद्धा नको, मग जवळचा रस्ता तोच का असेना.

लायनर, म्हणजे चुटीला आतून लावलेले झिजणारे पत्रे, बदलायच्या वेळी हाच धोका दुप्पट. मी ज्या हँडलिंग प्लांटवर होतो तिथं एका ठेकेदाराने रातपाळीत चुटीचे 10 मिलिमीटरचे लायनर काढून 16 चे बसवले, जास्त टिकतील म्हणून. दहा मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो, सोळाचा जवळपास सव्वाशे. सव्वातीन चौरस मीटरच्या चुटीवर दीडशे किलोंची भर पडली. सकाळी मोटर ट्रिप होऊ लागली तर इलेक्ट्रिशियनला दोष. ते तरी परवडलं. जुने लायनर कापून खाली टाकत असताना, नवे चढायच्या आधी, अडीचशे किलो निघून गेलेली ती चूट रात्री कुणी बांधली होती की नाही, हे आम्ही विचारलं तेव्हा कुणी बोललं नाही.

यजमानांना एवढं सांगा, ‘चूट बांधली का?’ असं विचारल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही. मुकादम रागावला तर रागावू द्या.

प्रश्न : सर, मी तुमसरच्या शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजचा धडा घेताना मुलांना अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवरच्या खनिज धक्क्यांचे फोटो दाखवले. धक्क्याच्या अंगाला शेकडो चुटी उभ्या मिटलेल्या, बोट आली की खाली येतात. मुलांनी विचारलं, त्या उचलतं कोण? आणि आपल्या बंदरावर तसं का नाही?
– एक शिक्षक, भंडारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमच्या पोरांना शाबासकी द्या. फोटो पाहून सगळे बोटीबद्दल विचारतात.

ते धक्के म्हणजे पाण्यात शिरलेला उंच पूल. वर रूळ, खाणीची गाडी वर जाते आणि डब्यांच्या बुडातून खनिज खाली कप्प्यांत सोडते. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाला एक चूट. सुपीरियर सरोवराच्या काठी मार्केट नावाच्या गावात 1912 सालचा एक धक्का अजून चालतो, 1250 फूट लांब, 200 कप्प्यांचा. दुलुथचा सहा नंबरचा 2304 फूट लांब, त्याला 384 कप्पे. मुलांना भागाकार करायला लावा. एका अंगाला 192 कप्पे, म्हणजे दर बारा फुटांवर एक चूट. या बारा फुटांनी बोटींचा आकार ठरवला. 1869 साली आर. जे. हॅकेट नावाची बोट बांधली, तिची हॅचं (डेकवरची माल भरायची तोंडं) 24 फुटांवर ठेवली, म्हणजे एकाआड एक चूट नेमकी हॅचात उतरावी. पुढं तिथल्या खनिजाच्या बोटी त्याच मापाने निघाल्या. धक्का बोटीसाठी बांधत नव्हते, बोट धक्क्यासाठी बांधत होते.

उचलतं कोण? चुटीच्या टोकाला वायर रोप, वर कप्पी, तिथून विंच. आधी हाताने, नंतर विजेवर. वणीच्या भाऊला वर जे सांगितलं तेच तिथंही. मागे कप्प्याची भिंत असते, म्हणून मागच्या बाजूला वजनाचा हात काढता येत नाही, रोप वरूनच न्यावा लागतो. काउंटरवेट जोडला की विंचला चूट उचलावी लागत नाही, फक्त फरक उचलावा लागतो. शेकडो चुटी एकेक करून वर-खाली करायच्या असतील, तर हा फरक माणसांच्या हातांना कळतो. शिवाय चूट एकदा लावली आणि काम झालं असं नसतं. बोट भरत जाते तशी बुडत जाते आणि तिच्याबरोबर चुटीचा कोन बदलावा लागतो. खनिज ओलं, चिकट असलं की तिथलेही मजूर लांब काठ्या घेऊन कप्प्यांत खुपसत उभे असायचे. हिवाळ्यात ते गोठायचंही. राजुऱ्याच्या ताईंना दिलेलं उत्तर त्यांनाही लागू होतं.

याहून जुनी आणि माझ्या मते जास्त देखणी गोष्ट इंग्लंडच्या टाइन नदीकाठची. तिथं चुटीतून कोळसा टाकला की तो फुटून चुरा व्हायचा आणि चुऱ्याला भाव कमी. म्हणून विल्यम चॅपमन या इंजिनियरने 1807 साली एका उतारणीचं पेटंट घेतलं. कोळशाने भरलेली अख्खी वाघीणच एका पाळण्यात ठेवायची, पाळणा बोटीच्या डेकपर्यंत अलगद खाली सोडायचा, बूड उघडायचं. वाघिणीत 53 हंड्रेडवेट म्हणजे सुमारे 2.7 टन कोळसा. मागचं वजन असं निवडलेलं, की भरलेल्या वाघिणीपेक्षा हलकं आणि रिकामीपेक्षा जड. भरलेली आपल्या भाराने खाली जाते, रिकामी झाली की वजन तिला वर ओढून घेतं. इंजिन नाही, वाफ नाही, फक्त ब्रेकवर एक माणूस. कोळसाच कोळसा उतरवत होता.

इथं तोल रिकाम्या आणि भरलेल्याच्या मधोमध आहे, हे मुलं पकडतील आणि म्हणतील, वर तर तुम्ही कोळसा तोलायचा नाही म्हणालात. बरोबर आहे. वाघीण खाली जाताना भरलेली आणि वर येताना रिकामी असते हे आधीच ठरलेलं असतं. चुटीत कोळसा कधी असतो, कधी नसतो, कधी अर्धा अडकलेला.

आणखी एक सांगा. त्या नदीवर पूर्वी कोळसा लहान होड्यांतून बोटीपर्यंत जायचा, होड्या चालवणाऱ्यांची मोठी जमात होती. उतारणीने कोळसा थेट बोटीत पडू लागला तशी त्यांची भाकर गेली. 1822 साली त्यांनी मोठा संप केला. तो फसला. आपल्या सायडिंगवर पाट्यांनी वाघिणी भरणारे रेजा-मजूर पेलोडर आल्यावर कुठं गेले, हे तुमच्या वर्गातल्या कुठल्यातरी पोराच्या आजीला विचारता येईल.

आपल्या मँगनीजची बंदराची गोष्ट वेगळी. नागपूर-भंडारा-बालाघाटचं मँगनीज मुंबईला आणि कलकत्त्याला लांबून जायचं. 1931 मध्ये रायपूरहून विजयनगरमचा रूळ पूर्ण झाला आणि 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं, ते मुख्यतः या मध्य प्रांताच्या मँगनीजसाठीच. सरोवरांवर भरती-ओहोटी जवळपास नसते, बोटी एका मापाच्या आणि खाणीपासून धक्क्यापर्यंत सगळा उतार; म्हणून तिथं स्थिर चुटींची रांग परवडते. समुद्रावर पाणी चढतं-उतरतं आणि प्रत्येक जहाज वेगळं. तिथं पट्ट्यावरून माल नेऊन रुळावर चालणाऱ्या एकाच शिपलोडरने भरणं सोपं. मुलांना त्या शिपलोडरच्या लांब बाहीची मागची बाजू दाखवा. तिथं काउंटरवेटचा भलामोठा ठोकळा दिसेल.

प्रश्न : काउंटरवेटसाठी काँक्रीटऐवजी आमच्या वावरातला काळा दगड चालेल का?
– एक वाचक, मारेगाव

उत्तर : चालेल. काळा दगड घनमीटरला पावणेतीन-तीन टन, काँक्रीट 2.4, बीडाचं लोखंड 7.2. म्हणजे अखंड दगड काँक्रीटपेक्षा थोडा लहान बसतो, लोखंड तिपटीने. पण दगड सुटा टाकू नकोस. हादऱ्याने एकेक निसटतो आणि खाली माणूस असतो. पेटीत रचून वरून पत्र्याचं झाकण वेल्ड कर. ड्रम असो की पेटी, बुडाला दोन भोकं पाडच. मोकळी जागा राहिली की पावसाचं पाणी साचतं, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि मग ऑगस्टमध्ये मला पत्र येतं की चूट खाली येत नाही.